हृदय तपासणी पॅकेज: रक्त नीट घेतले, माहिती घ्यायची राहिली

माझे वय 33. धूम्रपान नाही, वजन आटोक्यात आहे, आठवड्यातून चार दिवस धावणे होते. तरीही एका निदान केंद्राचे तरुण पुरुषांसाठीचे हृदय तपासणी पॅकेज मी घेतले, कारण माझ्या वडिलांना 49व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. हे कारण त्या सकाळी मला कोणीही विचारले नाही, आणि या सेवेविषयी माझी मुख्य तक्रार तीच आहे. वडील किंवा भाऊ यांना 55 वर्षांच्या आत, अथवा आई किंवा बहीण यांना 65 वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो स्वतंत्र जोखीम घटक धरला जातो. केंद्राच्या फॉर्ममध्ये मात्र त्यासाठी रकानाच नव्हता.

रक्त एकाच टोचणीत निघाले, ईसीजीच्या तंत्रज्ञाने त्वचा नीट पुसून मगच इलेक्ट्रोड लावले आणि अहवाल त्याच संध्याकाळी मोबाईलवर आला. एवढ्यापुरते केंद्राला पूर्ण गुण.

रक्तदाबाच्या बाबतीत मात्र हे गुण कापावे लागतात. जिना चढून आल्याबरोबर मला उंच स्टुलावर बसवले, पाय लोंबकळत होते, पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळला आणि यंत्र फुगत असताना माझा पत्ता विचारला जात होता. आकडा आला 138/86. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून, उघड्या दंडाला हृदयाच्या पातळीवर आधार देऊन आणि न बोलता रक्तदाब मोजायचा असतो. यातले एकही पथ्य पाळले गेले नाही. नंतर आठवडाभर घरी तसा मोजला, तेव्हा वरचा आकडा 124च्या पुढे गेला नाही.

अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक हिरव्या अक्षरांत ‘पुढील दहा वर्षांतील धोका: अत्यल्प’ असे छापले होते. ही ओळ मला सर्वांत घातक वाटली. अशा गणितात सर्वाधिक वजन वयाला असल्यामुळे तिशीतल्या माणसासाठी उत्तर बहुतेक वेळा ‘कमी’ असेच येते. 2013 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेले बहुचर्चित सूत्र तर 40 ते 79 या वयोगटासाठीच आहे. धमन्यांत मेद साचणे मात्र चाळिशीची वाट पाहत नाही. कोरियन युद्धात मरण पावलेल्या 300 अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष 1953 साली प्रसिद्ध झाले. सरासरी वय 22च्या आसपास असूनही त्यांपैकी 77 टक्के जणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा आढळल्या होत्या. माझे एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल, 148 आहे. हा आकडा दहा वर्षे राहणे आणि तीस वर्षे राहणे यांत जो फरक आहे, तो त्या हिरव्या ओळीत कुठेच दिसत नाही. ईसीजी नॉर्मल आल्याचा आनंदही बेतानेच मानावा, कारण तो हृदयाची विद्युत लय दाखवतो, धमनीच्या भिंतीतला थर दाखवत नाही.

पॅकेजमध्ये जीवनसत्त्वांच्या तपासण्या भरपूर होत्या (त्यांचा हृदयाशी काय संबंध, हे विचारल्यावर काउंटरवर नुसते हसू मिळाले), पण लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण, मोजलेला नव्हता. हा घटक मुख्यतः आनुवंशिक असतो, व्यायामाने फारसा बदलत नाही आणि साधारण पाचातल्या एकात वाढलेला असतो. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या तपासणीत, तो वेगळा दिसत नाही. एरवी तो आयुष्यात एकदा मोजला तरी पुरतो.

फोनवरच्या सल्ल्यात डॉक्टरांनी सुरुवातीला ‘सगळे छान आहे’ असे सांगितले. वडिलांचा विषय मीच काढला, तेव्हा ते क्षणभर थांबले आणि लायपोप्रोटीन-ए तपासून एलडीएलविषयी हृदयरोगतज्ज्ञांना भेटायला त्यांनी स्पष्ट सांगितले. म्हणजे डॉक्टर चांगले होते, त्यांच्यासमोर आलेला कागद अपुरा होता.

पाचपैकी अडीच तारे. रक्त द्यायला पुन्हा इथेच जाईन, पण वडिलांचे त्या वेळचे वय फॉर्मच्या समासात स्वतःच लिहीन.