हार्टसाठी स्टेम सेल पॅकेज, पैसे भरायच्या आधी हे वाचा

बाबांना डायलेटेड कार्डिओमायोपॅथी आहे, म्हणजे हार्ट मोठं झालंय आणि पंपिंग कमी, ईएफ (प्रत्येक ठोक्याला हार्ट किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो आकडा) २५. एका नातेवाईकांनी जाहिरात पाठवली म्हणून या क्लिनिकला गेलो, नाव लिहीत नाही. इको करणाऱ्या ताई फार चांगल्या, बाबांना आडवं झालं की धाप लागायची तर मधेमधे उठून बसू दिलं, अजिबात घाई नाही. या रिव्ह्यूत एक स्टार दिलाय तो त्यांचा.

पुढचं काउन्सेलिंग मात्र डोकं फिरवणारं. कमरेच्या हाडातून बोन मॅरो (हाडातला गर) काढायचा, त्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी) हार्टमध्ये सोडायच्या, त्यांचा नवीन स्नायू बनतो आणि हार्ट परत नॉर्मल साइजला येतं म्हणे. तीन सिटिंगचं पॅकेज, आज अॅडव्हान्स भरला तर डिस्काउंट. आई तिथेच एफडी मोडायला तयार झाली हो.

मी दोन रात्री वाचत बसले. मोठं झालेल्या हार्टमध्ये स्नायूच्या पेशींची संख्या वाढलेली नसते, आहेत त्याच पेशी लांब होतात आणि काही मरून तिथे व्रण येतो. नवीन पेशी बनतच नाहीत असं नाही, स्वीडनच्या टीमने २००९ मध्ये अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेल्या कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनवरून ते मोजलं (काय डोकं लावलंय!), पण पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का पेशी नवीन बनतात आणि पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बोन मॅरोतून हार्टचा स्नायू बनतो हे २००१ च्या उंदरांवरच्या पेपरमुळे गाजलं, संशोधक पिएरो अन्वेर्सांच्या गटाचा, २००४ मध्ये दुसऱ्या लॅबनी करून पाहिलं तर तसं काही दिसलंच नाही, आणि २०१८ मध्ये जिथे ते काम करायचे त्या हार्वर्डनेच अन्वेर्सांच्या लॅबचे ३१ पेपर मागे घ्यायला सांगितले. सोडलेल्या पेशी बहुतेक टिकतच नाहीत. दात्याच्या पेशी वापरून ५३७ पेशंटची ड्रीम-एचएफ ट्रायल झाली, त्यातही हार्ट फेल्युअरने परत परत अॅडमिट व्हायचं प्रमाण कमी झालं नाही.

आणि आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) २०१७ च्या गाइडलाइननुसार रक्ताचे वगैरे ठराविक आजार सोडले तर स्टेम सेल फक्त ट्रायलमध्येच द्यायच्या, त्याचे पेशंटकडून पैसे घ्यायचे नाहीत. मी फोन करून सीटीआरआय नंबर (ट्रायलची सरकारी नोंदणी असते तिचा नंबर) विचारला तर म्हणाले मॅडम ही ट्रायल नाही, ट्रीटमेंट आहे. तिथेच विषय संपला माझ्यासाठी.

आता बाबा आमच्या जुन्या कार्डिओलॉजिस्टकडेच आहेत, चार प्रकारच्या गोळ्या, मीठ कमी, रोज सकाळी वजन. आठ महिन्यांनी ईएफ ३५ झाला, जिना न थांबता चढतात. तुमच्याकडे कुणी असं पॅकेज घेऊन आलं तर आधी सीटीआरआय नंबर मागा प्लीज, आणि ओरिजिनल रिपोर्ट हातातून सोडू नका, आमची जुन्या अँजिओग्राफीची सीडी अजून त्यांच्याकडेच आहे, तीनदा मागून झाली.