ड्रीम रन: ऑफिसची टीम घेऊन जावं का?

मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन म्हणजे ५.९ किलोमीटरची वरात, आणि वरात म्हणूनच तिचं मोल करावं. ऑफिसातल्या तीस-चाळीस जणांना घेऊन जायचा बेत असेल तर हे आधी सगळ्यांच्या कानावर घाला. इथे वेळ नोंदवत नाहीत, बिबला (छातीवर लावायच्या नंबराच्या कागदाला) वेळ मोजायची चिप नसते, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. रस्ता दक्षिण मुंबईतच फिरतो, सी लिंक लागत नाही. (दरवर्षी कुणीतरी सी लिंकवरच्या सेल्फीची स्वप्नं घेऊन येतं.) ज्यांना घड्याळ लावून धावायचंय त्यांची नावं त्याच सकाळच्या ओपन १०केमध्ये घाला. हाफ आणि फुल मॅरेथॉनला आधीच्या शर्यतीचा टायमिंग मागतात, त्यामुळे ऐनवेळी तिकडे उडी मारता येत नाही. धावणारे आणि चालणारे असे दोन गट पहिल्याच दिवशी वेगळे केले की पुढची निम्मी कुरकुर वाचते.

धावण्याचा अनुभव म्हणून मी ड्रीम रनला पाचपैकी दोन देईन. ऑफिसची सहल अधिक देणगी म्हणून चार, कारण टीम इथे एखाद्या समाजसेवी संस्थेसाठी चालते. पाचवा कापला तो देणगीच्या हिशेबातल्या घोळासाठी, आणि त्यात आयोजकांपेक्षा ऑफिसवाल्यांचा हात जास्त असतो.

ही मॅरेथॉन पहिल्यांदा झाली १५ फेब्रुवारी २००४ला, तेव्हा नाव स्टँडर्ड चार्टर्डचं होतं. २०१८पासून टाटांचं आहे. आयोजक पहिल्यापासून प्रोकॅम ही कंपनी, देणग्यांची बाजू युनायटेड वे मुंबई या संस्थेकडे. आता ती जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे संक्रांत होऊन गेलेली, थंडी असलीच तर तेवढीच. नोंदणी मात्र साधारण ऑगस्टमध्ये सुरू होते आणि आपल्याकडच्या एचआरला जाग येते दिवाळीनंतर. तोवर साध्या नोंदणीच्या जागा बहुधा उरलेल्या नसतात.

मग दोन वाटा उरतात. एक, एखाद्या संस्थेकडून चॅरिटी बिब, म्हणजे देणगी देऊन मिळणारा प्रवेश, घेणं. दुसरी, कंपनीने आपली कॉर्पोरेट टीम उतरवणं आणि पैसे कोणत्या संस्थेच्या कामाला जावेत ते ठरवणं. दहा-बारा जण असतील तर पहिली वाट सुटसुटीत. त्याहून जास्त असतील तर दुसरी, कारण एकेका बिबसाठी वेगळा मेल, वेगळं पेमेंट आणि वेगळा पाठपुरावा करताना टीम लीडर धावायच्या आधीच दमतो. कुठल्याही वाटेने जा, संस्थेला एक प्रश्न सरळ विचारा: या रकमेतलं प्रवेशशुल्क किती आणि तुमच्या हातात पडणार किती? चांगली संस्था आकडा सांगते. ‘सगळंच कामाला जातं हो’ असं गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा.

आता घोळ. पहिला, सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकार्यावर करायच्या खर्चाचा. ‘खर्च सीएसआरमध्ये टाकू’ असं मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं. कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४च्या परिपत्रकात मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम सीएसआर खर्चात धरता येणार नाहीत असं नाव घेऊन म्हटलं होतं. शिवाय फक्त कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्चही त्यात बसत नाही, म्हणजे टी-शर्ट आणि नाश्ता गेलाच. तेव्हा हा खर्च कर्मचारी कल्याणात किंवा जाहिरातीत दाखवायचा, आणि संस्थेच्या वर्षभराच्या प्रकल्पाला मदत करायची असेल तर ती वेगळी, नीट कागदपत्रांनी करायची. अकाउंट्सवाल्यांना हे नोव्हेंबरात विचारलं तर ते हसून सांगतात. मार्चमध्ये विचारलं तर हसत नाहीत.

दुसरा घोळ ८०जीचा, म्हणजे देणगीवर करसवलत देणाऱ्या कलमाचा. ग्रुपवर एकजण स्वतःचा यूपीआय क्यूआर टाकतो, सगळे त्यावर पाचशे-पाचशे पाठवतात आणि तो एकरकमी देणगी भरतो. झालं! पावती त्याच्या नावावर, पॅन त्याचा आणि करसवलतही त्याचीच. बाकीच्यांना काहीही मिळत नाही आणि नंतर दुरुस्तही करता येत नाही, कारण पैसे खरोखर त्याच्याच खात्यातून गेलेले असतात. प्रत्येकाने संस्थेच्या पानावर स्वतःच्या नावाने, स्वतःचा पॅन घालून भरावं. रोख २,००० रुपयांच्या वर दिले तर सवलत नाही. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ८०जीचा उपयोगच नाही, हेही आधी सांगून टाकावं, म्हणजे देणारा कर वाचेल या आशेने देत नाही. जानेवारीत मिळते ती नुसती पावती. खरं प्रमाणपत्र, फॉर्म १०बीई, संस्थेने आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत द्यायचं असतं. ते मागून घ्या, आपणहून येईलच असं नाही.

टी-शर्टवर जरा थांबतो, कारण टीमचे पैसे सगळ्यात जास्त इथे वाया जातात. कापड पॉलिस्टरचं, ज्याला दुकानदार ड्राय-फिट म्हणतात ते, १४० ते १६० जीएसएम (कापडाचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन). १२०च्या खालचा पांढरा टी-शर्ट घामाने भिजला की आरपार दिसतो आणि बायकांची पंचाईत होते. सुती नको. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, तासाभरात अंगावर ओलं पोतं घातल्यासारखं होतं. प्रिंट सब्लिमेशनचा घ्या. त्यात रंग धाग्यात मुरतो, हाताला काही लागत नाही आणि कापड मोकळं राहतं. अट एकच, कापड पांढरं किंवा फिकं हवं. कंपनीचा रंग गडद निळा असला की दुकानदार वर फिल्म चिकटवून प्रिंट करून देतो. छातीभर लोगो असा छापला की तिथे प्लॅस्टिकचा पत्रा तयार होतो, खाली घाम साचतो आणि चार धुण्यांत तडे जातात. गडद रंगाचाच हट्ट असेल तर लोगो डाव्या छातीवर तीन इंचांचा ठेवा.

आणि बहुतेक टीम विसरतात ती गोष्ट: छातीवर बिब लागतं. समोर हौसेने छापलेला लोगो, घोषणा, संस्थेचं नाव, सगळं त्याखाली झाकलं जातं. जे वाचलं जावं असं वाटतं ते पाठीवर छापा. गर्दीत मागचा माणूस तासभर तुमची पाठच बघत असतो.

साइज गूगल फॉर्मवर विचारू नका. एका कारखान्याचा एल दुसऱ्याचा एम असतो. दुकानदाराकडून एस ते डबल एक्सएल असा एक संच मागवा, दोन दिवस पॅन्ट्रीत टांगून ठेवा आणि प्रत्येकाला अंगात घालून नावापुढे सही करायला सांगा. फोनवरच ऑर्डर द्यायची वेळ आली तर टी-शर्ट पालथा पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचं माप इंचात विचारा. २० इंच म्हणजे छाती ४०. शंभर किलोच्या माणसाला २२च्या खाली देऊ नका. एल आणि एक्सएल दोन-दोन जास्तीचे घ्या, ऐनवेळी ‘साहेबही येतायत’ असा निरोप येतोच. माल आठवडाभर आधी हातात पाहिजे. आणि नवा टी-शर्ट एकदा धुऊन घाला, नाहीतर नव्या कापडाची खळ काखेत आणि मांडीशी घासते. जाड मांड्यांना आणि पुरुषांच्या छातीला व्हॅसलीन. हे सांगायला सगळे लाजतात आणि घरी अंघोळीचं पाणी अंगावर पडलं की ओरडतात.

बिब शर्यतीआधीच्या दिवसांत एक्स्पोमधून घ्यायचं, फोटो ओळखपत्र दाखवून. अलीकडे एक्स्पो बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) असतो. टीमचे सगळे बिब एकाने आणायचे असतील तर काय कागद लागतो ते कन्फर्मेशनच्या मेलमध्ये नीट वाचा. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा नंबर बॉलपेनने लिहा. जेलपेनची शाई घामाने पसरते. आजारी पडलेल्याचं बिब दुसऱ्याला घालून पाठवू नका. त्याला रस्त्यात चक्कर आली तर डॉक्टरच्या हातात भलत्याच माणसाची माहिती जाते. चारही कोपऱ्यांना सेफ्टी पिना लावा. दोनच लावल्या की बिब पोटावर फडफडत राहतं.

फलक हा ड्रीम रनचा खरा आत्मा, आणि ऑफिसच्या टीम तिथेच माती खातात. कंपनीचं ब्रीदवाक्य कुणी वाचत नाही. मराठीत चार-पाच शब्द, अक्षरं तीन इंच उंच, संस्था काय काम करते ते कळेल असं काहीतरी आणि जमलं तर एखादी कोपरखळी. तीन मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा पुठ्ठा), दीड बाय दोन फूट. काठी लावू नका, दाटीत मागच्याच्या डोळ्याला लागते. वरच्या दोन कोपऱ्यांना भोकं पाडून नाडी ओवा. पहिला किलोमीटर सगळे फलक डोक्यावर नाचवतात, दुसऱ्यानंतर हात भरून येतात आणि फलक दुभाजकावर सोडून दिले जातात. नाडी असली की ते गळ्यात जातात आणि शेवटपर्यंत टिकतात.

सुरुवात सीएसएमटीसमोर. रस्ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सीचा विचार सोडा. पहाटेच्या जादा लोकल सोडतात, त्यांचं वेळापत्रक दोन-चार दिवस आधी जाहीर होतं. मध्य आणि हार्बरवाले थेट सीएसएमटीला उतरतात. पश्चिमवाल्यांनी चर्चगेटहून चालायला वीसेक मिनिटं धरावीत. ड्रीम रन इतर गटांनंतर, आठ वाजून गेल्यावर सुटते, पण आत शिरताना तपासणीची रांग मोठी असते, म्हणून जमायची वेळ पावणेसात ठेवा. जमण्याची जागा म्हणजे एखाद्या इमारतीचं ठराविक दार. ‘स्टेशनबाहेर’ असं सांगितलंत तर कुणीच भेटत नाही, कारण एवढ्या गर्दीत फोन लागत नाहीत. आठ-आठ जणांचे गट करा, प्रत्येक गटाला एक पुढचा आणि एक शेवटचा माणूस. बॅगा आणूच नका. फोर्टात कंपनीचं ऑफिस असेल तर सोन्याहून पिवळं: बॅगा तिथे, संडासही तिथेच. नसेल तर स्टेशनवरच उरकून घ्या, आतल्या रांगेत अर्धा तास सहज जातो.

पहिल्या किलोमीटरात धावता येत नाही. खांद्याला खांदा लागलेला, पुढे ढोल, कुणी शिवाजी महाराजांच्या वेशात, कुणी झाडाच्या. यातून वाट काढत पळणारे उत्साही वीर पाय मुरगळून घेतात, कारण खाली पाण्याच्या अर्धवट बाटल्या आणि त्यांची बुचं लोळत असतात. बाटलीवरून टाच घसरली की घोटा गेला. जरा विरळ होईपर्यंत चालाच. ताशी पाच किलोमीटरच्या चालीने ५.९ किलोमीटरला सत्तर मिनिटं लागतात. गर्दी आणि फोटो धरून दीड तास धरा. तोवर ऊन चढलेलं असतं, आणि मुंबईची दमट हवा जानेवारीतही सुटत नाही. टोपी हवी, दर पंधरा-वीस मिनिटांनी चार-पाच घोट पाणी हवं. एकदम अर्धा लिटर ढोसलं तर पोटात डुचमळतं.

तयारी फारशी लागत नाही, पण शून्यही चालत नाही. सहा आठवडे आधीपासून आठवड्यातून तीनदा अर्धा तास भरभर चालणं पुरे. धावायची हौस असणाऱ्यांनी दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं असं करावं. बूट नवे नकोत, महिनाभर वापरलेले हवेत. सकाळी उपाशी येऊ नये, केळं किंवा दोन पोळ्यांचा रोल दीड तास आधी. मधुमेहींनी खिशात चिक्की ठेवावी, संक्रांतीची उरलेली असतेच. चाळिशीपुढचे, बीपीवाले, जिना चढताना छाती भरून येणारे यांनी डॉक्टरला विचारूनच यावं. आणि ‘पाय दुखू नयेत म्हणून’ आधीच पेनकिलर घेणं बंद करा, घाम जाऊन पाणी कमी झालेलं असताना काही पेनकिलर मूत्रपिंडाला त्रास देतात.

एक उणीव मात्र ऑफिसलाच भरून काढावी लागते. टीम ज्या संस्थेसाठी चालते तिचं काम बहुतेकांना शेवटपर्यंत माहीत नसतं. संस्थेच्या एक-दोन कार्यकर्त्यांना टीमसोबत चालायला बोलवा. दीड तासाच्या गप्पांत जे कळतं ते प्रेझेंटेशनमध्ये कळत नाही.

ज्यांना गर्दीच नको त्यांच्यासाठी किनारा सफाई हा जवळचा आणि स्वस्त पर्याय. वर्सोव्याला अफरोज शाह यांनी २०१५मध्ये सुरू केलेल्या कामानंतर मुंबईत अशा रविवारच्या सफाया बऱ्याच रुळल्या. तिथे भरती-ओहोटीचं कोष्टक बघूनच वेळ ठरवायची. ओहोटी लागल्यावर गेलं तर कचरा उघडा पडतो, भरतीत गेलं तर नुसतं उभं राहावं लागतं. रबरी हातमोजे जाड घ्या, पातळ डिस्पोजेबल पाच मिनिटांत फाटतात. वाळूत रुतलेली पिशवी ओढली की तुटते, आधी आजूबाजूची वाळू मोकळी करायची.

ड्रीम रन संपली की मेट्रो सिनेमाजवळ कयानी या इराणी हॉटेलात बनमस्का आणि चहा. तीस जण एकदम गेलात तर बाहेर उभं राहावं लागेल, गटागटाने जा. रविवारी मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) असेल तर तो बहुधा अकराच्या सुमारास लागतो. हार्बरवाल्यांनी दुसऱ्या चहाची ऑर्डर देण्याआधी घड्याळ बघावं.