आठ महिने, चार मुक्काम आणि सव्वा किलोचा ट्रायपॉड

नोव्हेंबरात हा कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला तेव्हा घरी किंमत थोडी कमी करूनच सांगितली होती. खरी साडेअकरा हजार. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या वजनाच्या बहुतेक ट्रायपॉडची गत सारखीच असावी. बॉल-हेडसकट (कॅमेरा बसवायचं, हवं तसं फिरणारं डोकं) सव्वा किलो, पायांना पाच टप्पे, मिटला की हातभर. आतापर्यंत हरिश्चंद्रगड दोनदा, कळसूबाई आणि रतनगड एकेकदा, सगळीकडे रात्रीचा मुक्काम.

आधीचा अ‍ॅल्युमिनियमचा होता, अडीच किलोचा. तो घेऊन हरिश्चंद्रगडासाठी खुबी फाट्याला एसटीतून उतरायचं, धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर गाठायचं, मग टोलार खिंड, मग रेलिंगचा कातळटप्पा, आणि त्यापुढे ‘ही शेवटची’ म्हणत म्हणत संपतच नाहीत त्या टेकड्या. पाठीवर तीन लिटर पाणी असतंच. तिथे वाचलेला सव्वा किलो काय असतो ते खांद्यालाच विचारा. कळसूबाईच्या शिड्यांवरही फरक कळला. जुना डोक्याच्या वर यायचा आणि वाकलं की पायरीला ठोकायचा. हा सॅकला बांधलाय हेच विसरायला होतं.

विसरलो म्हणूनच पहिलं नुकसान झालं. टोलार खिंडीच्या कातळावर बूड टेकून उतरताना एका पायाचं रबर घासून निघून गेलं. ग्राहक सेवेचं उत्तर: रबर सुटं मिळत नाही, अख्खा पाय घ्या. शेवटी मेडिकलच्या दुकानातून आजोबांच्या काठीचं रबर आणलं, तीस रुपयांत. पाच महिने झाले, अजून टिकून आहे.

आता मुख्य तक्रार. वारा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, वाटीसारखा. पश्चिमेचा वारा त्याला आपटून सरळ वर उसळतो, म्हणजे झोत समोरून नाही, खालून येतो. मी रात्री ताऱ्यांचे फोटो काढतो. माझा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा, त्यावर १६ एमएमची लेन्स साधारण २४ एमएमसारखी चालते), लेन्स १६ एमएम. तारे रेघेसारखे येऊ नयेत म्हणून पाचशेला त्या २४ ने भागायचं, या पाचशेच्या नियमाने साधारण २० सेकंदांचं एक्स्पोजर बसतं. एवढा वेळ ट्रायपॉड जागचा हलता कामा नये. नोव्हेंबरातल्या पहिल्या रात्री ४२ फ्रेम काढल्या, धड आल्या ५. बाकीच्यांत प्रत्येक तारा स्वल्पविरामासारखा. माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे मधल्या हुकाला सॅक लटकवली होती, तरी ही तऱ्हा.

कारण मे महिन्यात कळलं. अमावास्येच्या आसपास पुन्हा गेलो होतो. ज्यांच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली ते मामा रात्री कड्यापाशी येऊन माझी खटपट बघत उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, “दादा, तुमची सॅकच झोका घेती. तिला भुईला टेकू द्या.” बघितलं तर खरंच! वाऱ्याने सॅक लंबकासारखी हलत होती आणि ट्रायपॉडला सोबत हलवत होती.

तेव्हापासून आईची जुनी भाजीची पिशवी बरोबर असते. वर पोचलो की तिच्यात दगड भरायचे आणि दोरी अशी बांधायची की ताण बसेल, पण पिशवीचं बूड जमिनीला टेकलेलं राहील. मधला दांडा वर काढायचा नाही. सगळ्यात खालचा, पेन्सिलीएवढा बारीक टप्पा उघडायचाच नाही, मग भले गुडघ्यांवर बसून फोटो काढावे लागोत. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद. मामांचं ऐकल्यावर त्याच पहाटे चारच्या सुमारास आकाशगंगेचा गाभा नैर्ऋत्येला कलला होता. खाली मुरबाड-कल्याणकडचा पिवळट उजेड आणि उन्हाळ्याचं धुरकट होतं, पण तारे ठिपक्यासारखे आले. ३० पैकी २४ फ्रेम ठेवल्या. वजन घरून वाहून न्यायचं नाही, वर दगड फुकट आहेत, एवढी साधी गोष्ट समजायला मला सहा महिने लागले.

बाकी किरकोळ. पायांची पिळायची लॉक तांबड्या धुळीने करकरतात. घरी आल्यावर सगळे टप्पे सुटे करून ओल्या फडक्याने पुसावे लागतात. एकदा आळस केला, तर रतनगडावर एक पाय उघडेचना. बॉल-हेड लहान आहे. जड टेलिफोटो लावली की फ्रेम हलकेच खाली झुकते, म्हणून सूर्योदयाला दूरचे सुळके टिपायचे असतील तर थोडं वर धरूनच आवळतो. कॅमेऱ्याखालच्या प्लेटचा स्क्रू सैल होतो, अ‍ॅलन की (षटकोनी पाना) खिशात हवीच. पायावरचा फोम मात्र झकास. जानेवारीत कळसूबाईवर पहाटे धरताना बोटं बधिर झाली नाहीत.

गाडी जाते तिथपर्यंतच फोटो काढणाऱ्यांनी हा घेऊ नये, त्याच पैशांत दणकट ट्रायपॉड येईल. चढून जाणाऱ्यांनी घ्यावा, पिशवीसकट. मी पुन्हा घेईन का? हो, पण बॉल-हेड वेगळं घेईन.

आता पावसाळ्यात इंद्रवज्रासाठी, म्हणजे गोल इंद्रधनुष्यासाठी, कोकणकड्यावर जायचंय. सकाळचं ऊन पाठीवर, समोर दरीत धुकं, असं जुळलं तर दिसतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याला एकोणिसाव्या शतकात ते तिथेच दिसलं होतं, ट्रायपॉडशिवाय. मीही या खेपेला तो घरीच ठेवणार आहे.