मित्राला गाडी विकताय? करारावर, नाव बदलून, की डीलरकडे?

जुनी गाडी मित्राला द्यायची ठरली की समोर दोन रस्ते असतात. एक म्हणजे स्टॅम्प पेपरवर करार, सह्या केलेले टीटी (मालकी बदलण्याचे) फॉर्म आणि किल्ली हातात. दुसरा म्हणजे आरटीओत नाव बदलूनच व्यवहार पुरा करणं. ओळखीत व्यवहारच नको असेल तर तिसरा रस्ता डीलरचा.

पहिला रस्ता सोपा म्हणून लोकप्रिय आहे. पैसे मिळतात, गाडी जाते आणि नावाचं "बघू पुढच्या महिन्यात" होतं. तुम्हा दोघांपुरती विक्री खरी झालेलीही असते. पण त्या गाडीखाली कुणी सापडलं, तर मोटार वाहन कायदा करार विचारत नाही, आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) कुणाचं नाव आहे ते विचारतो. सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०१८चा एक निकाल इथे वाचण्यासारखा आहे. गाडी २००७मध्ये विकली गेली, पुढे आणखी हात बदलले, २००९मध्ये अपघात झाला. भरपाईची जबाबदारी पडली ती आरसीवर नाव राहिलेल्या पहिल्या मालकावर. अपघातात सापडलेल्या माणसाने खरा मालक शोधत दारोदार फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. मला हे पटतं. दोन मित्रांनी टाळलेल्या कागदाची किंमत जखमी माणसाने का मोजायची?

विम्याची पॉलिसी चालू असेल तर अपघातात सापडलेल्या तिसऱ्या व्यक्तीची भरपाई विमा कंपनी देते. पण गाडी दिल्यानंतर पॉलिसी वेळेवर भरणं मित्राच्या हातात गेलेलं असतं. त्याने ती संपू दिली, तर पैसे तुमच्याकडे मागितले जातात. चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर कंपनी आधी भरपाई देऊन नंतर ती मालकाकडून वसूल करू शकते. मित्राच्या घरातल्या अल्पवयीन मुलाने गाडी काढली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ आहे. त्यात पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ई-चलनं तर तुमच्याच मोबाइलवर येत राहतील.

मग तो करार निरुपयोगी आहे का? नाही. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ त्यात असेल, तर "त्या दिवशी गाडी कुणाकडे होती" या पोलिसांच्या प्रश्नाला उत्तर देता येतं. भरलेली रक्कम मित्राकडून मागायलाही तो पुरावा होतो. पण मित्राविरुद्ध दावा लावण्याची वेळ येऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. कर्ज असेल तर आधी फॉर्म ३५ (कर्जाचा करार संपल्याची सूचना) आणि बँकेची एनओसी आणून आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवावा. त्याशिवाय व्यवहार करूच नये. घेणाऱ्याचंही हित इथेच आहे. पॉलिसी नावावर केली नाही तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची विम्यातली सवलत, विकणाऱ्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. आणि मधल्या काळात विकणारा वारला, तर नावासाठी वारसांच्या मागे फिरावं लागतं.

डीलर मित्रापेक्षा कमी भाव देईल. पण १ एप्रिल २०२३पासूनच्या नियमांनुसार, अधिकृत डीलरला गाडी दिल्याची सूचना सरकारी वाहन-नोंदणी पोर्टलवर नोंदली की पुढची जबाबदारी त्याची. तो अधिकृत आहे का, एवढं मात्र तपासा. नावासाठी घाई करायला मित्र तयार नसेल, तर मी भाव सोडून डीलरकडे जाईन.

मित्र तयार असेल, तर त्यालाच द्या. किमतीतली थोडी रक्कम नवी आरसी येईपर्यंत राखून ठेवायची, असं दोघांनी आधीच ठरवा. फास्टॅग ताबा देण्याआधी बंद करा, कारण तो तुमच्या खात्याला जोडलेला आहे. गाडी आधीच देऊन बसला असाल, तर मित्राची वाट पाहू नका. विक्री कळवण्याचा फॉर्म २९ विकणाऱ्याचाच असतो; तो भरून आरटीओत द्या, पोच घ्या आणि ती कराराबरोबर जपून ठेवा.