गाईडबरोबर खाडीत गरवणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

गाईड घेऊन खाडीत गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जायचं असेल तर पूर्ण दिवस घ्या. गेले काही महिने अर्धा दिवस, पूर्ण दिवस, पहाट, दुपार असं सगळं करून पाहिलं आणि माझं हे मत पक्कं झालं. दिवसातून दोनदा भरती येते अशा खाडीत एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. अर्ध्या दिवसाच्या, म्हणजे चार तासांच्या फेरीत बहुतेक वेळा एकतर चढतं पाणी मिळतं, नाहीतर उतरतं. या दोन वेळांना मासा वेगवेगळ्या जागी असतो, आणि गाईडला खाडी किती कळते हेही पाणी फिरतं तेव्हाच दिसतं.

भरतीचं पाणी कांदळवनात शिरलं की कोळंबी, बारीक खेकडे, बोईटांची पिल्लं तिवरांच्या मुळांत जातात आणि मोठा मासा त्यांच्या मागोमाग. तिथे गळ टाकला की तो मुळांत अडकतोच. ओहोटी लागली की हीच पिल्लावळ छोट्या वहाळांतून मुख्य खाडीत उतरायला लागते. जिताडा, म्हणजे खाडीतला मोठा शिकारी मासा, मग वहाळाच्या तोंडाशी प्रवाहाकडे तोंड करून थांबतो. सहा तासांच्या ओहोटीत जवळपास निम्मं पाणी मधल्या दोन तासांत उतरतं. मला मिळालेले चांगले मासे बहुतेक याच दोन तासांतले आहेत.

ज्याच्याबरोबर मी आता नेहमी जातो, तो गाईड या वेळेला इंजिन बरंच अलीकडे बंद करतो आणि बांबू रोवून होडी धरून ठेवतो. ल्युअर (नकली आमिष) वहाळाच्या आत, वरच्या अंगाला टाकायचं. ओढायचं नाही, पाण्याबरोबर येऊ द्यायचं आणि रीळ फिरवून फक्त लाइनचा ढील काढत राहायचा. वहाळाच्या तोंडावर, गढूळ आणि नितळ पाणी मिळतं त्या रेषेपाशी, टक् असा एकच ठोका बसतो. रॉडचं टोक हलायच्या आत तो लाइनवर टेकवलेल्या बोटाला कळतो. पुढच्या क्षणी जिताडा पाण्याबाहेर येऊन डोकं झटकतो. त्या वेळी रॉड खाली झुकवला नाही तर गळ सुटतो.

भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ बंदराची असते. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा फिरतं. चांगला गाईड याचा फायदा घेतो: तोंडाजवळची ओहोटी साधली की होडी आत घेतो आणि तोच चांगला वेळ दुसऱ्या वळणावर पुन्हा मिळवून देतो. अर्ध्या दिवसात हे जमत नाही.

सामान गाईडचं असेल तर निघण्याआधी तपासा. एका ठिकाणी मला मिळालेल्या रॉडच्या कडीला (जिच्यातून लाइन जाते तिला) आतून चीर होती. ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन तिथे घासत राहिली आणि मासा लागल्यावर तुटली. आता मी प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघतो, तंतू अडकला तर रॉड बदलून मागतो. २० पाउंडाची ब्रेडेड लाइन, पुढे गळाजवळ ४० पाउंडाचा लीडर (जाड दोरीचा तुकडा), ड्रॅग (मासा ओढायला लागला की लाइन सोडणारा रिळाचा ब्रेक) दोन किलोच्या आसपास, एवढं खाडीला पुरतं. लीडर जाड हवा, कारण जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा धारदार असतात आणि खडकावरची कालवं त्याहून वाईट.

शिंगाळा (मिशांचा, काटेरी मासा) लागला तर हात लावू नका, गाईडला पक्कड वापरू द्या. त्याचे काटे विषारी असतात.

गाईड सोडलेल्या माशाला कसं वागवतो, याकडे मी फार बारकाईने बघतो. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे मासे बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्या. त्या सोडायलाच हव्यात, आणि नीट सोडायला हव्यात. जबड्याला धरून उभा लोंबकळवत फोटो काढणाऱ्याबरोबर मी परत जात नाही. पोटाखाली हात देऊन, मासा शक्य तितका पाण्यातच ठेवून काम करणारा माणूस मिळाला तर त्याला सोडू नका.

तक्रार एकच, पण मोठी आहे. बरेच गाईड भांगाचे (अष्टमीच्या आसपासचे, कमी भरती-ओहोटीचे) दिवसही उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या, मोठ्या भरती-ओहोटीच्या) दिवसांसारखेच विकतात. भांगाला पाण्याला फारशी ओढ नसते, मासा विखुरलेला असतो, आणि दिवस नुसता उन्हात जातो. ऐन उधाणात पाणी फार गढूळ होतं, म्हणून मी उधाण चढत असतानाचे दिवस निवडतो. सुट्टी त्याप्रमाणे टाकतो. बुकिंगच्या आधी गाईडला एवढंच विचारतो: त्या दिवशी ओहोटी कधी लागते आणि तेव्हा आपण कुठल्या वहाळाशी असू? तक्ता न उघडता ज्याला याचं उत्तर देता येतं, त्याच्याकडे पैसे भरतो.