आईच्या बांगड्या आटवून साखळी केली, तेव्हा मी कशी फसले

आई गेल्यावर तिच्या दोन बांगड्या माझ्याकडे आल्या. वजन 40 ग्रॅम, आत 916 चा ठसा, म्हणजे 22 कॅरेट. त्या मला हाताला बसत नव्हत्या, म्हणून आटवून साखळी करायला दिल्या. आटणीच्या वेळी कारागीर म्हणाला, "ताई, आत धूर आहे, तुम्ही बाहेर बसा." मी बसले. सगळं तिथेच घडलं.

साखळी 39 ग्रॅमची आली. एक ग्रॅम घट गेली म्हणाला. आटवताना, तार ओढताना, कानस लावताना थोडं सोनं जातंच, त्यामुळे मला संशय आला नाही. त्याने माझ्यासमोर कसोटीच्या दगडावर साखळी हलकेच घासली, पिवळीधमक रेघ उठली. तिच्यावर तेजाबाचा थेंब सोडला, रेघ तशीच राहिली. मी समाधानाने घरी आले.

वर्षभरात मानेला घासणाऱ्या कड्यांवर तांबूस झाक दिसू लागली. दुसऱ्या एका वयस्कर कारागिराला दाखवली. त्यांनी आधी दगड घेतलाच नाही. "ताई, जरा खोल घासू द्या," म्हणून साखळी अडकवायच्या फाश्याच्या मागच्या बाजूला कानशीने बारीक खाच पाडली. खाचेतला धातू वरच्यापेक्षा स्पष्ट लालसर होता. तोच भाग दगडावर ओढला, 22 कॅरेट तपासायचं तेजाब लावलं, आणि रेघ माझ्या डोळ्यांदेखत फिकी पडत गेली. एक तुकडा आटवून तपासून घेतला, तर कस, म्हणजे शुद्ध सोन्याचं प्रमाण, हजारात 748. जेमतेम 18 कॅरेट.

मग वरची रेघ खरी कशी आली? त्यांनी समजावलं ते मी कधी ऐकलं नव्हतं. तांबं मिसळलेलं सोनं तापवलं की पृष्ठभागावरचं तांबं हवेने काळं पडतं. पातळ सल्फ्युरिक आम्लात बुडवलं की ते काळं विरघळतं, सोनं मात्र जागेवर राहतं. असं चार-सहा वेळा केलं की वर जवळपास शुद्ध सोन्याचा पापुद्रा तयार होतो. हा मुलामा नाही, बाहेरून काहीच चढवलेलं नसतं. दागिन्याला रंग आणायची ही जुनी, प्रामाणिक रीत आहे. दक्षिण अमेरिकेतले प्राचीन कारागीर तांबं भरपूर असलेल्या मिश्रधातूला अशीच झळाळी देत. इतकं सुंदर कसब माझा केसाने गळा कापायला वापरलं गेलं, याचं मला आजही फार वाईट वाटतं. कस मोजणारं क्ष-किरणांचं यंत्रही वरचा काही मायक्रॉनचा थरच वाचतं, तेव्हा तिथेही आधी खाच पाडायला सांगा.

जाब विचारला तर उत्तर तयार होतं: "डाखामुळे कस उतरतो." डाख म्हणजे कड्या सांधायचा धातू, तो कमी कसाचा असतो हे खरंच आहे, नाहीतर झाळताना कड्याच वितळतील. पण मी घरी हिशेब मांडला. डाख अगदी 600 चा धरला, तरी 916 वरून 748 वर यायला निम्म्याहून जास्त साखळी डाखाचीच असावी लागेल. सांध्यांना लागतो तो कणभर. बांगड्यांत शुद्ध सोनं 36.6 ग्रॅम होतं, साखळीत 29.2 निघालं. घट धरून साडेसात ग्रॅमच्या आसपास सोनं गेलं आणि घटीपलीकडच्या सोन्याच्या जागी तांबं आलं, म्हणून वजन बरोबर भरलं.

जुनं सोनं देणार असाल तर मूस, म्हणजे सोनं आटवायचं भांडं, भट्टीवरून उतरेपर्यंत समोरून हलू नका, धूर असला तरी. आटलेल्या सोन्याची लगड ओतली की तार काढायच्या आधीच तिचा छोटा तुकडा कापून मागा आणि दुसरीकडे तपासा. त्या टप्प्यावर डाखाचा प्रश्नच नसतो, सबब सांगायला जागा उरत नाही. पावतीवर वजनाशेजारी कसही लिहून घ्या, घेताना आणि देताना दोन्ही वेळा.

मी पावती घेऊन पुन्हा त्याच्याकडे गेले होते. त्याने ती उलटी करून माझ्यापुढे ठेवली आणि कस कुठे लिहिलाय ते दाखवा म्हणाला. तिच्यावर फक्त ग्रॅम होते.