निशि-कासाईच्या दान्चीत पंधरा महिने: काय वाचलं, काय सोसलं

टोकियोत आल्यावर पहिले पाच महिने आम्ही दोघं 20 चौरस मीटरच्या खोलीत राहिलो. म्हणजे 215 चौरस फूट, त्यातच मोरी, त्यातच ओटा. पलंग, फ्रिज, वायफाय, भांडी सगळं तयार, वीजबिलही भाड्यातच. महिना 1,65,000 येन. नवऱ्याची ऑनलाइन मीटिंग सुरू झाली की मी कुकरची शिट्टी काढून ठेवायचे. सोडताना ‘सफाई’ म्हणून आणखी 45,000 कापले. करारात लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. त्यामुळे त्या कंपनीला नावं ठेवत नाही, फक्त नावही घेत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत टोकियोतल्याच निशि-कासाईला, यूआर या गृहनिर्माण संस्थेच्या भाड्याच्या घरात आलो. आता पंधरा महिने झाले, तेव्हा हिशोबासकट लिहिते. ‘जपानमध्ये घर कसं मिळतं गं?’ असा मेसेज महिन्यातून दोनदा येतोच.

आधी खाजगी घराचं सांगते, कारण खरा फरक तिथे आहे. 1,20,000 भाड्याचं एक घर पसंत पडलं होतं. एजंटने खर्चाचा कागद पुढे केला. पहिल्या महिन्याचं भाडं. एक महिन्याचं शिकिकिन, म्हणजे आपलं डिपॉझिट. एक महिन्याचं रेइकिन, म्हणजे ‘घर दिल्याबद्दल आभारी आहे’ म्हणून मालकाला द्यायचे पैसे, ते परत मिळत नाहीत. एजंटचे करासह 1.1 महिने. जामीन राहायला ओळखीचं कुणी नाही, म्हणून हमी देणाऱ्या कंपनीचा अर्धा महिना. आगीचा विमा 20,000, कुलूप बदलायचे 22,000. एकूण 5,94,000 येन, त्यातले 3,54,000 कधीच परत न येणारे. वर दर दोन वर्षांनी करार पुढे न्यायचा तर आणखी एक महिन्याचं भाडं. नवरा कागद बघून म्हणाला, ‘आभार आपण मानायचे आणि पैसेही आपणच द्यायचे?’ मालकाने अखेर परदेशी भाडेकरू नको म्हणून कळवलं आणि तो प्रश्न मिटला.

यूआर ही सरकारच्या अखत्यारीतली संस्था. मूळ 1955 सालचं, युद्धानंतरच्या घरटंचाईतून उभं राहिलेलं गृहनिर्माण महामंडळ, 2004 पासून आताच्या रूपात. आपल्या म्हाडाची आठवण येते, पण इथे घर विकत नाही, भाड्यानेच मिळतं. जुन्या वसाहतींत लॉटरीही नसते. घर रिकामं झालं की जो आधी येईल त्याला. या वसाहतींना दान्ची म्हणतात. रेइकिन नाही, दलाली नाही, नूतनीकरणाची फी नाही आणि जामीन लागत नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट भरलं की झालं. 2000 च्या आसपास भारतातून संगणकवाल्यांची पहिली मोठी लाट आली ती निशि-कासाईत का वसली, याचं अर्धं उत्तर या चार ‘नाहीं’मध्ये आहे. उरलेलं अर्धं तोझाई लाइन ही मेट्रो. टोकियोच्या मध्यातल्या ओतेमाचीच्या कचेऱ्या पंधरा-सोळा मिनिटांवर. 2019 मध्ये एदोगावा वॉर्डच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले, तो वॉर्ड हाच.

अटी आहेत. उत्पन्न दाखवावं लागतं. कुटुंबासाठी भाडं 82,500 येनच्या आत असेल तर महिन्याला भाड्याच्या चौपट, त्यावर 2 लाखांच्या आत असेल तर 3,30,000. तेवढं नसेल तर भाड्याच्या शंभरपट शिल्लक दाखवता येते, किंवा वर्षभराचं भाडं आगाऊ भरलं तर उत्पन्नाची अट लागत नाही. दीर्घ मुदतीचा व्हिसा हवा, आणि कराराच्या वेळी समोरचा काय सांगतोय ते कळलं पाहिजे. मी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला सोबत नेलं होतं. झाइर्यू कार्ड (परदेशी रहिवाशांचं ओळखपत्र), वॉर्ड ऑफिसमधला रहिवासाचा दाखला, कंपनीचं उत्पन्नाचं पत्र, एवढ्यावर काम झालं. राहायला गेल्यावर 14 दिवसांत वॉर्ड ऑफिसला नवा पत्ता कळवायचा, तेवढं मात्र विसरू नका.

आमचं घर 54 चौरस मीटर, म्हणजे 580 चौरस फुटांच्या आसपास. दोन तातामीच्या, म्हणजे गवती चटयांची जमीन असलेल्या खोल्या, एक लाकडी जमिनीची, आणि जेवायला बसता येईल असं स्वयंपाकघर. भाडं 1,08,000, सामायिक खर्च 3,200. स्टेशनपासून चालत सोळा मिनिटं. पाच मिनिटांवरची घरं महाग होती, पण इथे जाण्यायेण्याचा पास कंपनी देते. मग स्टेशनजवळच्या घरासाठी आपल्या खिशातून जास्त भाडं कशाला? चालणं फुकट आहे. इमारत 1983 ची. साल मुद्दाम विचारून घेतलं, कारण 1981 च्या जूनमध्ये भूकंपासाठीचे बांधकामाचे नियम कडक झाले. त्याच्या अलीकडची की पलीकडची, हे जुनं घर घेताना बघाच.

किल्ली मिळाली त्या संध्याकाळी दार उघडलं आणि बटण दाबलं. काहीच नाही. वीज होती, दिवेच नव्हते. छताला नुसते सॉकेट. पडदे नाहीत, एसी नाही, गॅसची शेगडी नाही. जपानमध्ये रिकामं घर म्हणजे खरंच रिकामं. पहिली रात्र मोबाइलच्या उजेडात, कोट अंगावर घालून काढली.

मग खरेदी. एसी बसवण्यासकट 72,000, तोही एकाच खोलीत. तीन दिवे 15,000. पडदे 12,000. फुतोनच्या दोन गाद्या-पांघरुणांना 16,000. भारतात परत निघालेल्या एका कुटुंबाकडून फ्रिज आणि वॉशिंग मशीन मिळून 18,000. निशि-कासाईत मार्चच्या आसपास असा परतीचा माल भरपूर निघतो, आणि लोक जवळजवळ फुकट देतात. ते काही दानशूरपणाने नव्हे. इथे गादी-कपाटासारखी मोठी वस्तू टाकायची तर आधी नोंदणी करून, 200 आणि 300 येनची तिकिटं विकत घेऊन, वस्तूवर चिकटवून ठेवावी लागते. तुम्ही उचलून नेलंत तर त्यांचेही पैसे वाचतात. जिमोती या जुन्या वस्तू देण्याघेण्याच्या ॲपवरही हेच चालतं.

शेगडीत मात्र आम्ही फसलो. जुनी, छान, 4,000 ची शेगडी घेतली. गॅस सुरू करून द्यायला कंपनीचा माणूस घरी येतो, तेव्हा आपण हजर लागतो. त्याने शेगडीच्या बाजूचा कागद वाचला आणि दोन्ही हात फुलीसारखे धरले. ती सिलिंडरच्या गॅसची होती, आमच्या इमारतीत पाइपचा शहरी गॅस. दुसरी 5,000 ला घेतली. एकूण 1,42,000.

आता नव्या शेगडीची गोष्ट, कारण ही मला कुणीच सांगितली नव्हती. 2008 पासून जपानमध्ये तयार होणाऱ्या दोन-तीन बर्नरच्या घरगुती शेगडीत प्रत्येक बर्नरला तापमान ओळखणारा सेन्सर असतो. तेल पेटू नये म्हणून तवा फार तापला की आच आपोआप बारीक होते. आणि भाकरीला तर तवा फार तापलेलाच हवा! पहिला महिनाभर एकही भाकरी फुगली नाही. मी पिठाला दोष देत होते, पाण्याला दोष देत होते. शेवटी शेजारच्या सोलापूरच्या काकू आल्या, शेगडीकडे बघितलं आणि एक बटण तीन सेकंद दाबून धरलं. सेन्सर काही वेळ शिथिल होतो. खालच्या मासे भाजायच्या कप्प्यात भरताचं वांगं उत्तम भाजतं, हेही त्यांनीच दाखवलं.

हिशोब असा. आधी महिना 1,65,000. आता भाडं आणि सामायिक खर्च 1,11,200, वीज-पाणी-गॅस-इंटरनेट सरासरी 21,000, मिळून 1,32,200. महिन्याला 32,800 वाचतात. सामानाचे 1,42,000 पाचव्या महिन्यात वसूल झाले. पंधरा महिन्यांत सगळं वजा जाता साडेतीन लाख येन हातात राहिले, जागा अडीचपटीहून जास्त. डिपॉझिटचे 2,16,000 अडकलेले आहेत, ते वेगळे. म्हणून प्रोजेक्ट चार-पाच महिन्यांचाच असेल तर या भानगडीत पडू नका, आमच्या पहिल्या खोलीसारखी सामानासकट मिळणारी खोलीच घ्या. एकटे असाल आणि दुसऱ्याच्या केसांनी तुंबलेली मोरी चालत असेल, तर शेअर हाऊसही आहे. सोडताना यूआरला 14 दिवस आधी कळवलं की पुरतं. प्रोजेक्ट कधी गुंडाळला जाईल याचा भरवसा नसलेल्यांना याची किंमत कळेल.

सोसलं ते असं. खिडक्या एकपदरी काचेच्या. जानेवारीत सकाळी काचेवरून पाणी ओघळतं, आणि दोन दिवस पुसलं नाही तर चौकटीत काळी बुरशी. पहिल्या हिवाळ्यात फुतोन सरळ तातामीवर पसरून ठेवला तर त्याच्या खालीही बुरशी आली. आता रोज उचलून कपाटात, ऊन असेल तर बाल्कनीत. सासूबाईंना हे फार आवडलं. ‘बघ, गादी उचलायला जपानला जावं लागलं तुम्हाला.’

लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. त्या काळच्या बऱ्याच उंच दान्चींत अशीच रचना आहे. आम्ही सातव्यावर, लिफ्ट सहाव्यावर, तांदळाची दहा किलोची पिशवी एक जिना हाताने. सासूबाई डोंबिवलीच्या. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे फास्ट गाडी की गं. ठाकुर्लीला थांबत नाही.’ तोझाई लाइनच्या गर्दीचंही त्यांना कौतुक वाटलं नाही. किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात 2019 मध्ये क्षमतेच्या 199 टक्के गर्दी मोजली होती, हे मी घाबरवायला सांगितलं. ‘दरवाजे बंद होतात ना? मग झालं.’

एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. एदोगावा वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या समुद्रपातळीखाली आहे. वॉर्डाने 2019 मध्ये घरोघर वाटलेल्या पुराच्या नकाशावर स्वतःच्याच वॉर्डाबद्दल लिहिलं होतं, ‘इथे थांबू नका.’ सातव्या मजल्यापर्यंत पाणी येणार नाही, पण वीज आणि नळ बंद पडतील. म्हणून पलंग नसलेल्या आमच्या घरात पाण्याच्या बारा मोठ्या बाटल्या आहेत, आणि वादळाचा इशारा आला तर मित्राकडे पश्चिम टोकियोत जायचं ठरलेलं आहे.

शेजार वयस्कर. समोरच्या आजी इथे पहिल्यापासून राहतात. फोडणीच्या वासाबद्दल त्या काही म्हणतील अशी मला धास्ती होती. त्यांनी एकदाच दार वाजवलं, तेही मी प्लास्टिकचा कचरा चुकीच्या दिवशी ठेवला म्हणून. पिशवी परत आणून दिली, वर भिंतीवर लावायचं वारांचं कोष्टक हाताने लिहून दिलं. दिवाळीत चकल्या दिल्या तर दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, आत संत्री घालून परत आला.

दुसऱ्या खोलीत एसी अजून नाही. जुलैत सासूबाई तीन महिन्यांसाठी येताहेत, त्यामुळे तो खर्च या हिशोबात धरलेला नाही.